पाळ्या ज्येष्ठतेनं लावता? मग या चुका टाळा

"माह्या मांगून लागलेला माणूस पहिल्या पाळीत, अन् मी रातपाळीत कसा?"

टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून हा प्रश्न मी अठरा वर्षं ऐकला. त्याआधी सहा वर्षं खिडकीबाहेर उभा राहून मीच तो विचारत होतो, कारण सूतगिरणीत मी बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लागलो होतो. गिरणी तालुक्याच्या गावाबाहेरची, कामगार आसपासच्या पंधरा-वीस खेड्यांतले. निम्म्या लोकांकडं दोन-चार एकर कोरडवाहू. युनियन होती, करार होता आणि करारात एक ओळ होती: 'पाळ्या सेवाज्येष्ठतेनुसार देण्यात येतील.'

सगळी भांडणं या एका ओळीतून निघाली. ओळीत खोट नव्हती, ती अपुरी होती. ज्येष्ठता म्हणजे रांगेतला नंबर. राशनच्या रांगेत पहिला असला की माल आधी मिळतो, दुकान नावावर होत नाही. रांग कोणती, ती कोणत्या तारखेनं लावली आणि पुढच्यानं काय मागायचं, हे आधी लिहून ठेवलं नाही तर दर सहा महिन्यांनी गेटवर गर्दी ठरलेली.

ज्येष्ठ, पण कोणत्या तारखेपासून?

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एका माणसाच्या तीन तारखा असतात: बदली म्हणून पहिल्यांदा हजेरी लागली ती, कायम झाला ती आणि सध्याच्या खात्यात आला ती. रिंग फ्रेमवरचा एक सायडर (सूत कातायच्या मशिनची बाजू सांभाळणारा कामगार) आमच्याकडं बदली म्हणून आधी लागलेला, पण कायम झाला तीन वर्षांनी. दुसरा उशिरा लागून थेट कायम झालेला. पुढं कोण? मॅनेजमेंट कायम झाल्याची तारीख धरायची, कामगार पहिल्या हजेरीची. दोघांकडं कागद होते.

२४० दिवसांचा हिशेब आपल्याकडं प्रत्येक बदली कामगाराला तोंडपाठ असतो. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते. पण तो हिशेब सलग सेवेच्या हक्कांसाठी. पाळीच्या रांगेत बदलीचे दिवस मोजायचे की नाही, हे करारातच लिहावं लागतं. माझं मत विचाराल तर मोजावेत. मस्टर (हजेरीपट) सापडत असेल तर प्रत्यक्ष भरलेले दिवस मोजा, नसेल तर कायम झाल्याची तारीख धरा आणि ती सगळ्यांना एकच लावा. एकाला ही आणि दुसऱ्याला ती, इथं विश्वास तुटतो.

खातं बदललं की काय? वाइंडिंगमधला माणूस वीस वर्षांनी ब्लो-रूमला आला आणि तिथल्या दहा वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर बसला, तर ब्लो-रूमवाले गप्प बसत नाहीत. सोपा तोडगा असा: रजा आणि सुटीसाठी गिरणीची ज्येष्ठता, पाळीसाठी खात्याची आणि हुद्द्याची. खातं मॅनेजमेंटनं बदललं असेल तर त्याची जुनी वर्षं सोबत जातील. स्वतः अर्ज करून बदललं असेल तर शेवटी उभं राहावं लागेल.

आणि एकाच दिवशी लागलेले? नवी मशिनं आली की चौदा-चौदा माणसं एका तारखेला लागतात. तिथं बिल्ला नंबर धरतात, पण बिल्ले ज्या क्रमानं वाटले तो क्रम बहुतेक वेळा मुकादमाच्या मर्जीचा असतो. जन्मतारीख धरा. वयानं मोठ्याला आधी विचारलं तर गावाकडं कुणी भांडत नाही.

यादी कपाटात, पाळ्या बोर्डावर

ज्येष्ठता यादी तयार असते, फक्त कुणी पाहिलेली नसते. मग पाळ्यांचा कागद लागला की माणूस आधी स्वतःचा नंबर शोधतो आणि चूक तेव्हा सापडते. एकाच आडनावाचे सहा जण असलेल्या खात्यात नावाची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडं एका कामगाराच्या पुढं त्याच्या चुलत भावाची तारीख तीन वर्षं चढलेली होती. दोघंही एकाच गावचे, एकाच एसटीनं येणारे, पण कुणाच्याच लक्षात आलं नाही.

निवडीच्या, म्हणजे यादीच्या क्रमानं पाळी मागून घेण्याच्या, महिनाभर आधी यादी लावा. पंधरा दिवस हरकतीला ठेवा, हरकत लेखी घ्या, पोच द्या. नंतर अंतिम यादीवर युनियन आणि मॅनेजमेंट दोघांच्या सह्या. या सह्यांनंतर सापडलेली चूक पुढच्या निवडीत दुरुस्त होईल, चालू पाळ्या हलणार नाहीत, हेही त्याच कागदावर लिहा. ही ओळ कठोर वाटते, पण तिच्याशिवाय यादी कधीच अंतिम होत नाही.

सगळे जुने पहिल्या पाळीत

आता खरी गोम. छत्तीस सायडर आहेत, तीन पाळ्या, प्रत्येकीत बारा. वरून निवड सुरू केली की पहिले बारा पहिल्या पाळीत, पुढचे बारा दुसऱ्या पाळीत आणि सगळे नवखे रातपाळीत. कागदावर अगदी न्याय्य. रात्री दोन वाजता धागे तुटायला लागतात, फ्रेम थांबते आणि अनुभवी हात एकही नसतो. जबाबदारी ज्याला खात्यात येऊन दोन वर्षं झाली त्याच्यावर. उत्पादन घटतं हे मॅनेजमेंटचं दुःख. बोट जातं ते कामगाराचं.

यावर बऱ्याच ठिकाणी यादीचे तीन गट पाडतात आणि प्रत्येक गटाला प्रत्येक पाळीत चार जागा देतात. ऐकायला छान. पण पहिल्या गटातला शेवटचा, म्हणजे बारावा, उरलेल्या रातपाळीत जातो आणि तेरावा दुसऱ्या गटाचा पहिला म्हणून आरामात पहिली पाळी घेतो. बाराव्याला हे कसं समजावणार? मी समजावून पाहिलं आहे. नाही समजत, आणि त्याचंच बरोबर असतं.

आम्हाला शेवटी लागू पडलं ते असं: वरून निवड, खालून सक्ती. रातपाळीत दहा वर्षांच्या वरचे किमान तीन हवेत, एवढंच ठरवायचं. आधी विचारायचं, कोण खुशीनं येतो? बरेच येतात, दिवसा शेत बघायचं असतं. तीन भरले नाहीत तरच दहा वर्षांच्या वरच्यांपैकी सगळ्यात धाकट्याला पाठवायचं, मग त्याच्या वरच्याला. त्याची मुदत सहा महिने, पुढच्या वेळी त्याच्यावर सक्ती नाही. फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांची रांग वेगळी लावा. ते सायडरच्या यादीत घातले की गणितच बसत नाही.

पाळी फिरती ठेवायची की कायमची, हा वाद जुना आहे. कायमची ठेवली तर नवा माणूस दहा-दहा वर्षं रात्रीच घासतो आणि युनियनच्या सभेला यायचं सोडतो. फिरती ठेवली तर ज्येष्ठतेला काय उरतं? साप्ताहिक सुटीचा वार उरतो. बाजाराच्या दिवशी सुटी मिळणं आमच्याकडं पहिल्या पाळीपेक्षा कमी मोलाचं नव्हतं. पोळ्याची, महालक्ष्म्यांची रजा उरते. फिरवायचीच असेल तर सरळ फिरवा: सकाळ, दुपार, रात्र. उलटी फिरवली की रात्री अकराला सुटलेला माणूस सकाळी सातला परत दारात हवा असतो. त्या आठ तासांत अठरा किलोमीटर सायकल जाऊन-येऊन, जेवण आणि झोप, सगळं बसवायचं.

'चांगली पाळी' वर्षभर तीच नसते

शहरातल्या कारखान्याचा नमुना करार आणून आपल्याकडं चिकटवला की हे हमखास चुकतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की सगळ्यांना पहिली पाळी हवी. मृग लागला की दुसरी हवी, सकाळी पेरणी होते. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दिवस मोकळा हवा. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं तेव्हा कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. ती रात्रीची असेल तर रातपाळीवाला ओलीत कसं करणार? सौर पंप बसले त्यांची ही कटकट मिटली, बाकीच्यांची नाही.

म्हणून वर्षातून एकदा निवड ठेवणं ही चूक. दोनदा ठेवा: एक मे अखेर, मृगाच्या आधी; दुसरी सप्टेंबर अखेर. निवड उघड्या पुकाऱ्यानं घेऊ नका. पसंतीचा अर्ज घ्या, पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमानं. रजेवरचा किंवा दवाखान्यात असलेला माणूसही मग रांगेतून बाहेर पडत नाही. पुकाऱ्यात आणखी एक गंमत होते: मागं उभे असलेले चार जण पुढच्याला डोळ्यांनी सांगत असतात काय मागायचं ते.

शेवटच्या एसटीचं मात्र ज्येष्ठतेत बसवू नका. अकराच्या सुटीला बस नसलेल्या गावांसाठी गाडी मागा. तो मॅनेजमेंटशी करायचा वेगळा सौदा आहे. 'लांबच्या गावचा' म्हणून रांगेत पुढं घेतलं की उद्या प्रत्येकाचं गाव लांब होतं.

अपवाद तोंडी

डॉक्टरांनी रातपाळी बंद सांगितलेला, बाळंतपणाच्या आधी-नंतरची बाई, अपंग कामगार, हे अपवाद सगळ्यांना मान्य असतात. भांडण होतं ते अपवाद लिहिलेले नसतात म्हणून. दाखला कुणाचा चालेल, किती महिने चालेल, नंतर परत तपासणी, हे लिहा. नाहीतर पाठीच्या दुखण्याचा एक दाखला सात वर्षं चालतो.

बायकांच्या बाबतीत घोळ दोन्हीकडून होतो. वाइंडिंग आणि पॅकिंगमध्ये बायका जास्त, आणि त्या रात्री नकोत म्हणून दिवसाच्या सगळ्या जागा त्यांना, मग त्या खात्यातले पुरुष कायम रात्री. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनं सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या पुढं बाईला कामाला लावायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय बंधनकारक केली आहे. ज्येष्ठता असलेल्या बाईला स्वतःहून रात्र हवी असेल तर 'बाई आहे' म्हणून डावलू नका, आणि नको असेल तर संमतीचा कागद पुढं सरकवून सही घेऊ नका. दिवसाच्या जागा अशानं कमी पडत असतील तर त्या खात्यातल्या पुरुषांना दर सहा महिन्यांनी दुसऱ्या खात्याची निवड द्या.

आणि युनियनचे पदाधिकारी. यावर माझ्या मित्रांनीच माझ्याशी दोन महिने बोलणं टाकलं होतं, तरी लिहितो. सेक्रेटरी झाला म्हणून कायम जनरल, म्हणजे दिवसाची पाळी, ही सवय वाईट. कायद्यातलं संरक्षण वाद चालू असताना त्याला कामावरून काढण्यापासून वाचवतं, रातपाळीपासून वाचवत नाही. मीटिंगच्या दिवसापुरती पाळी बदलून द्या, बस.

कायद्याची अडचण कुठं येते

चालू असलेली पाळीपद्धत एका नोटिशीनं उद्यापासून बदलता येत नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम ९अ नुसार २१ दिवसांची नोटीस लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्या कलम ४० मध्येही २१ दिवसच आहेत. दोन्ही पक्षांच्या समझोत्यानं बदल होत असेल तर नोटिशीची गरज नाही. म्हणून पाळ्यांचे नियम समझोत्यातच घाला. नुसत्या सर्क्युलरवर चालवलेली पद्धत नवा मॅनेजर आला की उडते. आठवड्याचे ४८ तास, ओव्हरटाइमला दुप्पट दर आणि साप्ताहिक सुटी ही कुंपणं ज्येष्ठतेनं ओलांडता येत नाहीत. ज्येष्ठ माणूस खुशीनं जोडून दोन पाळ्या मागतो म्हणून त्या देता येत नाहीत.

आधीच घोळ झाला असेल तर

यादी चुकली आणि पाळ्या लागून गेल्या, तर कामावर जा. 'माझी हरकत राखून ही पाळी करीत आहे' असा दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्या. रागात गेटवरून परत गेलेल्या माणसाची ज्येष्ठतेची तक्रार राहते बाजूला आणि गैरहजेरीची चौकशी सुरू होते. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती असायला हवी. त्यात दोन्ही बाजूंची माणसं सारखी आणि एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. आधी तिथं जा. करार असून तो पाळला जात नसेल तर अर्जासोबत करार आणि अंतिम यादीची प्रत जोडा. नुसतं 'अन्याय झाला' लिहिलेले अर्ज मी पोत्यानं पाहिलेत.

अदलाबदलीचं रजिस्टर नसेल तर आजच घाला. दोघांच्या सह्या, मुकादमाची सही, एका वेळी एका आठवड्यापुरती अदलाबदल आणि दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती. रजिस्टर नसतं तिथं पाळ्या विकल्या जातात. आमच्याकडं एक ज्येष्ठ माणूस पहिली पाळी निवडायचा आणि ती चहा-नाश्त्याच्या बोलीवर पोरांना द्यायचा. स्वतः रात्री यायचा, कारण त्याला रात्रच आवडायची. पसंतीच्या अर्जात त्यानं कधी रात्र लिहिली नाही.

मधेच कुणी निवृत्त झालं, तर पूर्ण यादी परत हलवू नका. पहिल्या पाळीतला एक गेला, दुसरीतला वर सरकला, रात्रीतला दुसरीत आला, की एका जागेपायी तीन घरांचं वेळापत्रक बदलतं. ती जागा पुढच्या निवडीपर्यंत बदली कामगारानं भरा आणि बोर्डावर तारीख टाका: ही जागा अमुक महिन्यात निवडीला येईल. मग खिडकीत येणारा माणूस फक्त एवढंच विचारतो, "अर्ज कवा घ्याचा हाय, भाऊ?"