बंबाची जळकी जाळी, गळकी तोटी आणि धुराचा रस्ता: दुरुस्ती कशी करावी

कोल्हापुरात गच्चीवर सोलर आणि बाथरूममध्ये गिझर असला तरी न्हाणीच्या कोपऱ्यात सरपणावर पाणी तापवायचा तांब्याचा बंब असलेली घरं अजून पुष्कळ आहेत. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडलं नाही आणि त्यात लाइट गेली, की सगळ्यांना बंब आठवतो. नेमकी तेव्हाच त्याची, सरपण जळतं ती, जाळी खाली बसलेली असते, नाहीतर तोटी ठिबकत असते. म्हणून हे काम थंडी सरल्यावर आणि वळीव सुरू व्हायच्या आधी उरकावं. ओल्या कौलांवर चढून धुराडं बसवणं हा शहाणपणा नव्हे.

बहुतेक जुन्या बंबांना कंपनी नाही, मॉडेल नंबर नाही. एका तांबटाचा बंब दुसऱ्याशी जुळत नाही. त्यामुळं सुटे भाग दुकानात मागून मिळतीलच असं नाही, बऱ्याचदा करून घ्यावे लागतात. तेवढी सोय आपल्या गावात आहे: फौंड्री, लेथ, फॅब्रिकेशन सगळं उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत हाकेच्या अंतरावर. नियम एकच, फोनवर माप सांगू नका. जुना भाग काढून पिशवीत घाला आणि सोबत न्या. तुटला असेल तर तुकडेही न्या.

आधी तपासणी

बंब गार आणि रिकामा करा, राख काढा. वरून मधल्या नळीत, म्हणजे जिच्यात जाळ असतो आणि भोवती पाणी, बॅटरी मारून बघा. तांब्यावर हिरवट डाग किंवा ओघळ दिसला तर तिथून पाणी झिरपतंय. मग बंब वीट-दोन विटांवर ठेवून खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी कागद कुठं भिजलाय त्यावरून गळती तोटीची की बुडाची ते कळतं.

नळीच्या किंवा बुडाच्या सांध्याला भोक असेल तर एम-सीलसारखी लांबी थापू नका, आगीकडच्या बाजूला ती टिकत नाही. तांबट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याला विचारा. तांब्याच्या नळ्यांना गॅसनं झाळ द्यायचं काम तो रोजच करत असतो. पत्राच इतका पातळ झाला असेल की बोटानं दाबल्यावर आत जातोय, तर मात्र झाळीवर पैसे घालवू नका. असा बंब मोडीत द्या. तांब्याला मोडीतही चांगला भाव येतो.

जाळी

सगळ्यात आधी जाते ती जाळी. राख वेळेवर काढली नाही की ती खालून जाळीला टेकते, खालची हवा बंद होते, जाळी लाल होऊन वाकते. शेणी जाळणाऱ्यांकडं राख जास्त पडते, म्हणून तिथं हे लवकर होतं.

नवी जाळी दोन तऱ्हांनी होते. पहिली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. लहान फौंड्रीवाल्याला जुनी जाळी नमुना म्हणून दिली तर तो इतर कामाच्या साच्यांबरोबर तुमचीही एक ओतून देतो. एका नगासाठी मोठ्या कारखान्याच्या दारात उभं राहण्यात अर्थ नाही. इथं एक बारकावा आहे. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणजे ८ इंची जाळीवरून साचा काढला तर नवी सुमारे २ मिलिमीटर लहान येते. ते चांगलंच आहे, कारण तापल्यावर तिला फुगायला जागा लागते. पण जुनी जाळी कडेनं झिजून आधीच लहान झाली असेल, तर नवी थेट खाली घसरेल. अशा वेळी बंबातल्या ज्या कडेवर ती टेकते त्या कडेचं माप घ्या आणि फौंड्रीवाल्याला तेच सांगा.

दुसरी तऱ्हा म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडून १० किंवा १२ मिलिमीटरचे चौकोनी बार कापून वेल्डिंग करून घेणं. ही त्याच दिवशी मिळते, स्वस्त पडते, पण कालांतरानं मध्ये झोळ येतो. दोन बारांत बोटभर फट ठेवायला सांगा. फट बारीक ठेवली तर राख अडते, मोठी ठेवली तर निखारे खाली पडतात.

तोटीचं काम सोपं. पितळी तोटी घ्या, आटे जुन्याशी जुळवून बघा, टेफ्लॉन टेप नाहीतर ताग आणि सफेदा लावून बसवा. आवळताना बंबाकडची चकती दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा, नाहीतर तोटीबरोबर पत्राही पिळतो. पाणी ओतायच्या तोंडाला मात्र घट्ट बूच, झडप असलं काही बसवू नका. वाफ निघून जायची ती वाट आहे.

धुराचा रस्ता

जुन्या न्हाणीला खिडकीच्या जागी झरोका असायचा, वर कौलं असायची, धूर कुठूनही निघून जायचा. आता त्याच न्हाणीला टाइल्स, पीव्हीसीचं दार आणि स्लॅब आला, बंब मात्र तसाच. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही, नुसते निखारे आहेत, म्हणून दार लावून आंघोळ करणं हेच सगळ्यात धोक्याचं. त्यामुळं बंब न्हाणीत ठेवणार असाल तर धुराचं नळकांडं बाहेर काढावंच लागेल, आणि शिवाय दाराखालून किंवा झरोक्यातून बाहेरची हवा आत यायला हवी.

मापापासून सुरुवात करा. बंबाच्या नळीभोवती सुतळी गुंडाळा, तिची लांबी मोजा आणि ३.१४ नं भागा. साडेबारा इंच भरली तर व्यास ४ इंच. नळकांडं तेवढंच किंवा किंचित मोठं चालेल, लहान कधीच नको.

पत्रा काळा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, २० गेजच्या आसपास, नाहीतर स्टेनलेस. जीआय पत्रा आगीजवळ वापरू नका. त्यावरचं जस्त सुमारे ४२० अंशाला वितळतं आणि त्याचा धूर अंगाला बाधतो. पीव्हीसीचा तर विषयच नको. जुन्या घरात सिमेंटच्या पत्र्यासारखा करडा पाइप असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो ग्राइंडरनं कापू नका, फोडू नका. ओला करून अख्खाच उतरवा.

बऱ्याच बंबांत लाकूड वरूनच टाकतात, म्हणून सरळ नळकांडं चढवलं तर सरपण घालायचं कुठून? यावर उपाय ‘वाय’चा. पत्रेवाल्याकडून दोन फाट्यांचा तुकडा करून घ्या: सरळ फाट्यावर जड झाकण, त्यातून लाकूड घालायचं, तिरका फाटा वर चढत भिंतीकडं जाईल. काजळी काढायलाही तेच झाकण कामी येतं.

नळकांडं जोडताना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. पत्रेवाले हमखास उलटं करतात, पावसाच्या पन्हळीसारखं समजून. पण इथं आतून डांबरट पाणी उतरतं, आणि जोड उलटा असला की ते भिंतीवर ओघळतं. वळण काटकोनात देऊ नका, ४५ अंशांची दोन द्या. त्याहून जास्त वळणं नकोत.

स्लॅब फोडण्यापेक्षा किंवा कौलाखालच्या वाशा-रिपांतून नळकांडं नेण्यापेक्षा विटांच्या भिंतीतून बाहेर काढणं मला बरं वाटतं. उघड्या नळकांड्यापासून लाकूड, प्लॅस्टिक, गिझरची वायर १८ इंच तरी लांब हवी, आणि कौलारू छपरात तेवढी जागा निघत नाही. भिंतीत नळकांड्यापेक्षा २ इंच मोठी पत्र्याची बाही बसवा आणि मधली फट सिरॅमिक वूलनं भरा. भट्ट्यांना लागतं म्हणून ते उद्यमनगरात मिळतं. सिमेंटनं बुजवलं तर नळकांडं तापून फुगल्यावर भिंतीला चीर पडते.

भिंत कुठली तेही महत्त्वाचं. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला तोंड काढलं तर जूनपासून धूर घरातच. पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत निवडा आणि बाहेरून नळकांडं उभं वर न्या. भोवतालच्या १० फुटांत जे काही उंच असेल, आपलं छप्पर, शेजाऱ्याची भिंत, त्याच्या २ फूट वर तोंड यायला हवं. भिंतीला क्लॅम्प मारा, वरचा भाग तारेनं ताणून बांधा, टोपी बसवा. टोपी आणि नळकांड्याच्या तोंडात चांगलं अंतर ठेवा, नाहीतर धूर वर खेचणारी ओढच बसत नाही.

पहिला जाळ

बंब पाण्यानं भरल्याशिवाय काडी लावायची नाही. कोरडा तापला तर झाळ सुटते. आधी कागद आणि करवंटीचा छोटा जाळ करून नळकांडं तापू द्या. मग प्रत्येक जोडाजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर दार किलकिलं करून पुन्हा बघा. आता ओढ बसली, तर खोलीत हवा कमी येतेय, झरोका मोठा करा. तरीही बसली नाही, तर नळकांडं उंचीला कमी आहे किंवा वळणं जास्त झालीत.

नव्या पत्र्यावरच्या तेलाचा वास पहिल्या एक-दोन जाळांना येतो, तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवा. पुढं दिवाळीच्या आधी एकदा झाकण उघडून, दोरीला ब्रश बांधून काजळी पाडायची. ओलं लाकूड जाळणाऱ्यांनी थंडी संपल्यावर आणखी एकदा.