उसातले कॅमेरे आणि मेलेल्या बॅटऱ्या: या चुका टाळा

जानेवारी उजाडला की शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची पोरं माझ्याकडे येतात. प्रोजेक्ट ठरलेला: बिबट्या टिपणारं वायरलेस कॅमेऱ्यांचं जाळं. लॅपटॉपवर शंभर बाय शंभर मीटरचा चौकोन, त्यात शंभर ठिपके म्हणजे शंभर कॅमेरे आणि प्रत्येक ठिपक्याभोवती त्याच्या नजरेचा गोल. "सर, ९८ टक्के कव्हरेज!" मी विचारतो, शेत पाहिलंय का? मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

पहिली चूक त्या गोलातच आहे. तापमान मोजणाऱ्या सेन्सरला गोल चालतो, कॅमेऱ्याला पाठ असते. ईएसपी३२-कॅम या स्वस्त वायफाय बोर्डासोबत येणाऱ्या ओव्ही२६४० कॅमेऱ्याची साधी लेन्स साधारण ६५ अंश पाहते, म्हणजे गोल नव्हे, कलिंगडाची फोड. दहा मीटरवर त्या फोडीची रुंदी भरते पावणेतेरा मीटर. बॅटरी वाचवायची म्हणून ३२० पिक्सेल रुंदीचा फोटो घेतलात, तर मीटरला २५ पिक्सेल पडले. बिबट्या आडवा गेला तर तीसेक पिक्सेल, तोंड करून चालत आला तर दहा. दहा पिक्सेलांत बिबट्या, कुत्रा आणि वाऱ्याने हलणारं गोणपाट एकसारखंच दिसतं. जागा 'झाकली' जाणं वेगळं आणि जनावर ओळखू येणं वेगळं. पेन स्टेट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०११ साली 'फुल-व्ह्यू कव्हरेज' मांडलं ते याच दुखण्यावर: जनावराचं तोंड कुठेही असो, कुठला तरी कॅमेरा त्याला ठरावीक कोनाच्या आत समोरून पाहत असला पाहिजे. म्हणून 'दोन कॅमेरे एकच जागा बघतात, एक झोपवा' असं ठरवून बॅटरी वाचवणारा झोपेचा अल्गोरिदम दिसला की मी आधी विचारतो, दोघं एकाच बाजूने बघतायत का?

आता माझीच फजिती सांगतो. जुन्नर तालुक्यात नाना नावाच्या शेतकऱ्याकडे आम्ही मार्चमध्ये सहा नोड लावले, नोड म्हणजे कॅमेरा, सेन्सर आणि बॅटरीचा एक संच. रात्रीची लाइट असली की मोटार चालू करायला विहिरीपर्यंत जावं लागायचं आणि ती वाट उसातूनच जाते. सुरू ऊस तेव्हा गुडघ्याएवढा. बांधावर उभं राहिलं की विहिरीपलीकडचं बाभळीचं झाड दिसायचं. आखणी सुरेख, फोटो स्वच्छ, मी खूश. एप्रिल-मे छान गेले. ऑगस्टमध्ये नानांचा फोन: "सर, ऊस आमचाच हाय, त्याचंच फोटू का पाठवता?" उघडून बघतो तर एका दिवसात चारशेवर फोटो आणि सगळ्यांत हिरवं पान. ऊस डोक्याच्या वर गेला होता. उन्हात तापलेलं पान वाऱ्याने पीआयआर सेन्सरसमोर, म्हणजे उष्णतेची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरसमोर, हललं की नोड उठायचा, फोटो काढायचा, वायफाय लावायचा, पाठवायचा. पुढच्या तीन दिवसांत सहापैकी चार बॅटऱ्या मेल्या. पानाने आधी नजर अडवली आणि मग तेच पान बॅटरी खाऊन गेलं. कव्हरेजचं गणित अहवालाच्या एका प्रकरणात आणि ऊर्जेचं दुसऱ्या प्रकरणात लिहिणाऱ्यांना मी तेव्हापासून हे चारशे फोटो दाखवतो.

आता लावण कधीची आणि तोडणी कधीची हे विचारल्याशिवाय मी खांब पुरत नाही. सोबत दहा फुटी बांबू घेतो. पोरगा बांबू धरून उसाच्या कडेने चालतो आणि मी कॅमेऱ्याच्या जागी उकिडवा बसून बघतो, ऊस बांबूएवढा झाला की काय उरेल. कॅमेरा पिकात तोंड खुपसून नाही, वाटेला तिरका लावायचा. अगदी वाटेच्या रेषेत लावलात तर पानं टळतात, पण सरळ अंगावर येणारं जनावर पीआयआरला उशिरा कळतं. त्याला आडवी हालचाल चांगली समजते. म्हणून मी सेन्सर वेगळ्या खुंटीवर, वाट आडवी कापेल असा बसवतो आणि वायर कॅमेऱ्यापर्यंत नेतो. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना सगळं एकाच डब्यात हवं असतं, फोटोत छान दिसतं म्हणून.

दुसरी माझी आवडती चूक: 'डीप स्लीपमध्ये (चिपच्या गाढ झोपेत) दहा मायक्रोअँपिअर'. डेटाशीटमध्ये तसं आहे, पण ते चिपचं. तुम्ही विकत आणलाय बोर्ड. त्यावर व्होल्टेज उतरवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर बसलाय आणि तो एकटाच पाच मिलिअँपिअरच्या आसपास पितो, चिप झोपलेली असो वा जागी. २६०० एमएएचचा सेल घेतलात तर एकही फोटो न काढता बावीस दिवसांत रिकामा. एका ग्रुपने अहवालात 'आयुष्य दोन वर्षे' छापलं होतं. मी मल्टिमीटर हातात दिला, पुढचं त्यांनीच वाचलं. माझी सवय: झोपेत कॅमेरा बोर्डाची वीज पी-चॅनल मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) पूर्ण तोडायची आणि जागं राहायचं काम अटायनी८५ या चिमुकल्या, कमी वीज खाणाऱ्या चिपला द्यायचं. त्याची किंमत म्हणजे बोर्ड शून्यापासून उठतो, पहिला फोटो यायला सेकंदभर तरी जातो. म्हणून सेन्सर वाटेवर दोन पावलं आधी. आणि पहिल्या दोन-तीन फ्रेम फेकून द्या, उजेड जमेपर्यंत त्या काळपट किंवा हिरवट येतात.

वायफाय सुरू होताना व्होल्टेज दबकतं आणि बोर्ड रीसेट होतो. यावर इंटरनेटवरचा तोडगा म्हणजे कोडमधून ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज पडलं की बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी, बंद करणे. ताप मोजायचा थर्मामीटर फोडून टाकण्यातला प्रकार. जाड, आखूड वायर घाला, बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

एचसी-एसआर५०१ हा स्वस्त पीआयआर सेन्सर अँटेनाला चिकटवू नका. फोटो पाठवताना रेडिओच त्याला दचकवतो आणि नोड स्वतःचाच पाठलाग करत रात्रभर जागतो.

'९९०० एमएएच' छापलेला १८६५० सेल घेऊ नका. एवढी क्षमता त्या आकारात मावतच नाही.

लोरावरून, म्हणजे लांब पल्ल्याच्या पण संथ रेडिओवरून, फोटो पाठवायचा हट्ट सोडा. ६० केबीचा फोटो पाच केबीपीएसने गेला तर दीड मिनिटाच्या वर रेडिओ चालू. लोरावर फक्त 'काहीतरी आलंय' एवढाच निरोप द्या, फोटो कार्डावर राहू दे.

लीच या सेन्सर-जाळ्यांच्या प्रसिद्ध ऊर्जा वाचवणाऱ्या पद्धतीचा कोड उतरवताना पॅकेट किती बिटांचं आहे ते तरी बघा. पोरांच्या कोडमध्ये बहुतेक ४००० बिट असतात, म्हणजे ५०० बाइट. एक फोटो म्हणजे तसली १२० पॅकेटं. ५०० बाइटांवर काढलेलं आयुष्य कॅमेऱ्याला लावू नका.

आणि गेटवेशेजारचा, म्हणजे जाळ्यातून फोटो बाहेर पाठवणाऱ्या डब्याशेजारचा नोड. मागच्या सगळ्यांचे फोटो त्याच्यातूनच जातात, म्हणून तो सगळ्यात आधी मरतो आणि पाठोपाठ धडधाकट नोडही मुके होतात. पोरं यावर क्लस्टर-हेड (गटाचा माल पुढे पाठवणारा म्होरक्या नोड) आळीपाळीने बदलायचे अल्गोरिदम लिहितात. मी तो नोड मोटारीच्या पेटीजवळ बसवतो. तिथे आठ तास का होईना लाइट असते, चार्जर लावून मोकळं व्हायचं.