कणकवलीहून मुंबईला सिम्फनी ऐकायला जाताना

मी भजनात पखवाज वाजवतो. डबलबाऱ्यांत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यांत, अर्धं आयुष्य गेलं. मुंबईला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य संगीताचा वाद्यवृंद ऐकायला जातो हे कळल्यापासून मंडळातली पोरं विचारतात, कसं जायचं आणि तिथे नेमकं ऐकायचं काय. सगळं एकदाच सांगतो.

हा ऑर्केस्ट्रा २००६ साली सुरू झाला. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो उभा केला. त्याचे मुख्य हंगाम वर्षाला दोन, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास. आपली अडचण इथेच आहे. फेब्रुवारीत आंगणेवाडीची जत्रा, सप्टेंबरात गणपती. मुंबईला जायला जागा मिळते, परतीला मिळत नाही, कारण सगळे चाकरमानी त्याच गाड्यांनी गावाला येत असतात. म्हणून तारखा जाहीर झाल्या की आधी परतीचं आरक्षण बघा. ते ६० दिवस आधी उघडतं. कोकणकन्येने रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी.

तिकीट वरच्या, स्वस्त जागेचं काढा. तालवाद्यं सगळ्यात मागे असतात. पुढच्या रांगेतून व्हायोलिनंच दिसतात, टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखं चामड्याचं वाद्य, दिसत नाही. आणि आपल्याला टिंपनीच बघायची आहे.

जाण्याआधी मुख्य रचना मोबाइलवर तीनदा ऐका. तिसऱ्यांदा फक्त चर्माच्या वाद्याकडे कान ठेवा. समजा बेथोवनची पाचवी सिम्फनी, म्हणजे चार भागांची वाद्यरचना, आहे. १८०८ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. हिच्यात टिंपनी दोनच, पेटीवरच्या पांढरी एक आणि पांढरी पाच या सुरांत लावलेल्या, म्हणजे सा आणि प. तिसरा भाग संपत येतो तेव्हा सगळं दबकं होतं. तंतुवाद्यं सूर धरून राहतात आणि टिंपनीवाला अगदी हलक्या हाताने नुसता सा वाजवत राहतो. इतका हळू ठोका तेवढा वेळ एकसारखा ठेवणं किती कठीण, हे पखवाजवाल्यालाच कळेल. मग थांबा न घेता चौथा भाग फुटतो: सा, ग, प. इतका वेळ कोमल असलेला गंधार शुद्ध होतो आणि तीन भाग गप्प बसलेले ट्रॉम्बोनवाले, म्हणजे लांब पितळी फुंकवाद्याचे वादक, पहिल्यांदा वाजवतात. मला दरवेळी भरून येतं.

सभागृहात वेळेआधी बसा, उशीर झाला तर मधे सोडत नाहीत. सुरुवातीला ओबो हे सनईसारखं फुंकवाद्य पांढरी सहाचा सूर देतं आणि सगळे त्याला मिळवून घेतात. ते मिळवणंही ऐकण्यासारखं असतं. पहिल्या वेळी आमचे बुवा सोबत होते. रचना चालू असताना टिंपनीवाला वाकून, कान चामड्याजवळ नेऊन बोटाने टिचकी मारत होता. बुवा माझा हात धरून कुजबुजले, "अरे बघ, तो सूर लावता हा!" आपण पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या अंगाला, कणीक लावतो, वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकतो. तो पायाने पेडल दाबून चामड्याचा ताण बदलतो.

दाद मात्र आवरायची. पहिला भाग संपला तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने "वा!" निघालं आणि पुढची चार डोकी वळली. आपल्याकडे जागेवर दाद दिली नाही तर बुवाचा अपमान. तिथे सगळे भाग संपेपर्यंत शांत राहणं हाच मान. कंडक्टरचे, म्हणजे समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणाऱ्याचे, हात पूर्ण खाली येऊन तो आपल्याकडे वळला की मग टाळ्या. तोवर हात मांडीवर.

संध्याकाळी सातच्या सुमाराचा कार्यक्रम असेल तर नऊ-सव्वानऊला बाहेर पडता. नरिमन पॉइंटहून सीएसएमटीला टॅक्सी करा. परतीची कोकणकन्या अकरानंतर सुटते. सकाळी घेतलेल्या भाकऱ्या फलाटावर बसून सावकाश खाता येतात.