जुन्या चित्रकथेतलं पात्र आपल्या गेममध्ये आणताना

पॉपाय, म्हणजे पालक खाऊन ताकद मिळवणारा कार्टूनमधला खलाशी, पब्लिक डोमेनमध्ये आला, म्हणजे कॉपीराइट संपून सर्वांना मोकळा झाला, म्हणून लगेच पालकाचा डबा रंगवायला घेऊ नका. १ जानेवारी २०२५ला अमेरिकेत मोकळा झाला तो १९२९च्या वृत्तपत्री चित्रपट्ट्यांमधला पॉपाय, आणि त्याला पालकाची गरज नव्हती. तो बर्निस नावाच्या जादूच्या कोंबडीचं डोकं चोळून बंदुकीच्या गोळ्या पचवत असे. त्याची प्रेयसी ऑलिव्ह ऑइल १९१९पासूनची, म्हणून ती घेता येते. त्याचा मित्र विम्पी १९३१चा आणि शत्रू ब्लुटो १९३२चा, म्हणून ते तिथे नंतर सुटतात. पात्र एका दिवसात सगळंच्या सगळं मोकळं होत नाही. ते हप्त्याहप्त्याने सुटतं, आणि प्रत्येक देशात हप्त्याची तारीख वेगळी असते.

म्हणून पहिलं काम चित्रकलेचं नसून वहीचं आहे. एक स्प्रेडशीट उघडा. एका ओळीत अख्खं पात्र लिहू नका. एक गुण एक ओळ. नाव, चेहरा, कपडे, शक्ती, जोडीदार, शत्रू, तोंडची ठरावीक वाक्यं. प्रत्येकापुढे तो गुण पहिल्यांदा छापून आला ती तारीख, मूळ देश, लेखक आणि चित्रकार दोघांचीही मृत्यूवर्षं, आणि शेवटी दोन रकाने: अमेरिकेत कधी मोकळा, भारतात कधी. तारीख सापडली नाही तर तो गुण गेममध्ये घ्यायचा नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१४मध्ये शेरलॉक होम्सच्या खटल्यात हीच रेघ मारली: जुन्या कथांमधलं मोकळं, नंतर घातलेली भर नाही.

हिशोब असा. त्या काळात अमेरिकेत छापलेल्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं, आणि सुटका पुढच्या १ जानेवारीला. त्यामुळे २०२६च्या सुरुवातीला १९३०ची खेप आली. त्यात बेटी बूप आणि ब्लाँडी आहेत. भारतात १९५७च्या कायद्याने लेखकाचं आयुष्य अधिक ६० वर्षं, तीही मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजून. परदेशी कृतीला इथे तिच्या मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही. तुम्ही नाशिकमध्ये बसून गेम बनवताय, तेव्हा आधी भारताचा रकाना बघा, मग जिथे विकणार तिथला.

दोन्ही रकाने नेहमी जुळत नाहीत. पॉपायचा निर्माता सेगर १९३८मध्ये गेला, त्यामुळे भारताची अडचण नाही. टिनटिनही १९२९चाच आणि अमेरिकेत त्याच्या त्या वर्षीच्या पट्ट्या मोकळ्या. पण त्याचे बेल्जियन निर्माते एर्जे गेले १९८३मध्ये, म्हणजे भारतात १ जानेवारी २०४४पर्यंत थांबा आणि बेल्जियममध्ये २०५४पर्यंत. उलटं उदाहरण घरचंच आहे. चिं. वि. जोशी १९६३मध्ये गेले, त्यामुळे चिमणराव आणि गुंड्याभाऊ भारतात १ जानेवारी २०२४पासून मोकळे. अमेरिकेने मात्र १९९६मध्ये परदेशी कृतींचे हक्क पुन्हा जागे केले, म्हणून तिथे १९३१ किंवा नंतर छापलेली कथा प्रकाशनापासून ९५ वर्षं बंदच. उपाय सोपा आहे: गुगल प्ले आणि स्टीम (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) दोन्हीकडे देश निवडता येतात, चिमणरावाचा गेम फक्त भारतात सोडा.

मराठी पुस्तकाची तारीख इंटरनेटवरच्या नोंदीवरून घेऊ नका. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या, म्हणजे १८४०पासून चालत आलेल्या ग्रंथालयात जाऊन मिळेल ती सर्वांत जुनी आवृत्ती काढा आणि छपाईच्या पानाचा फोटो घ्या. आतली चित्रं कुणाची आहेत तेही तिथेच पाहा. चित्रकाराची मुदत वेगळी चालते. लेखक मोकळा आणि चित्रं बंद, असं सर्रास होतं. दूरदर्शनवरच्या चिमणरावाच्या मालिकेतला चेहरा तर अजिबात उचलू नका. शिवाय कायद्याचं ५७वं कलम, म्हणजे लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड न करण्याचं बंधन, २०१२च्या दुरुस्तीनंतर मुदतीशी बांधलेलं राहिलेलं नाही. लेखकाचं नाव पहिल्या पडद्यावर ठळक द्या.

इंद्रजाल कॉमिक्स वाचून मोठे झालेले लोक हमखास वेताळाविषयी विचारतात. झाडावर लटकणारा, विक्रमाला कोडी घालणारा वेताळ कुणाच्याच मालकीचा नाही. कवटीची अंगठी घालणारा वेताळ, म्हणजे फँटम, मात्र मालकीचा आहे: तो १९३६चा, अमेरिकेत २०३२ला सुटेल, आणि इंद्रजालची मराठी भाषांतरं आणि मुखपृष्ठं तेव्हाही वेगळी तपासावी लागतील.

कॉपीराइट संपला तरी ट्रेडमार्क संपत नाही. भारताच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या आणि अमेरिकेच्या सार्वजनिक शोधात ते नाव वर्ग ९, २८ आणि ४१ मध्ये टाका: सॉफ्टवेअर, खेळणी, मनोरंजन. नाव सापडलं तर पात्र गेमच्या आत ठेवा. शीर्षकात, आयकॉनवर आणि जाहिरातीच्या पहिल्या चित्रावर नको. स्वतःच्या शीर्षकाची नोंदणी करायची तर वैयक्तिक ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात.

आता खेळाकडे. प्रसिद्ध पात्रात खेळ असतोच असं नाही. ब्लाँडी गप्पांवर चालते, त्यातून हाताला काही लागत नाही. विन्सर मॅकेच्या पट्टीतला स्वप्नं पाहणारा मुलगा लिटल नेमो १९०५चा, आणि त्याचं स्वप्न शेवटी पलंगावर आपटूनच संपतं: पडलात की जागे, पुन्हा झोपा. हरून परत सुरू करण्याची रीत त्या पानातच आहे. एक स्वप्न ६० ते ९० सेकंदांचं ठेवा.

आमच्या मते सगळ्यांत श्रीमंत खाण क्रेझी कॅटची. तिचा निर्माता हेरिमन १९४४मध्ये गेला, त्यामुळे भारतात सगळं मोकळं. अमेरिकेत १९३०पर्यंतच्या पट्ट्या धरा. उंदीर विटा मारतो, मांजराला ती वीट प्रेमाची खूण वाटते, आणि मांजरावर जीव असलेला पोलीस कुत्रा उंदराला तुरुंगात टाकतो. तिघांची तीन उद्दिष्टं, एकच वस्तू. आणखी गंमत म्हणजे पात्रं जागची हलत नाहीत तरी चौकटीगणिक मागचा देखावा बदलतो. वीट लागली की देखावा बदलला आणि नव्या देखाव्यात उंदराची लपायची जागा बदलली, एवढ्या एका नियमावर गेम उभा राहतो. देखावे तुमचे काढा: गोदाघाटाच्या पायऱ्या, काळ्या दगडाची देवळं, दीपमाळ. तेवढ्या भागावर नवा कॉपीराइट तुमचा. आधी पात्रांच्या जागी साधे राखाडी चौकोन ठेवून दोन आठवडे फक्त विटेचा झोक जमवा. झोक जमण्याआधी चित्रं काढली की ती फेकावी लागतात.

चित्रांसाठी जुन्या वृत्तपत्रांचे स्कॅन अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात मिळतात. स्वतः स्कॅन करत असाल तर ६०० डीपीआय, ग्रेस्केल, पीएनजी. जेपेगमध्ये रेषेभोवती कचरा जमतो. छपाईचे ठिपके न काढता चित्र लहान केलं तर लाटांसारखी जाळी उमटते. स्कॅनमधून स्प्राइट, म्हणजे गेममध्ये हलणारी चित्रं, कापू नका. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या थरावर हाताने गिरवा. चालण्याला ८ फ्रेम, सेकंदाला १२चा वेग पुरे. एआयकडून चित्र काढून घेतलंत तर ते बहुधा नंतरच्या कार्टूनचा चेहरा देईल आणि वहीतली सगळी मेहनत पाण्यात.

मराठी अक्षरांसाठी गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरची ४ किंवा पुढची आवृत्ती घ्या. गोडो ३ला जोडाक्षरं जमत नाहीत, आणि युनिटी या दुसऱ्या गेम-सॉफ्टवेअरच्या टेक्स्टमेश प्रो या मजकुराच्या साधनात पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ‘तऱ्हा’, ‘किल्ल्यात’, ‘दृष्टी’, ‘सुऱ्या’ हे शब्द पहिल्या दिवशीच पडद्यावर टाकून बघा. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट चालतो. दोन्हींचा परवाना मोकळा आहे.

स्टीमवर एका गेमचे १०० डॉलर भरावे लागतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि ‘लवकरच’ची पाटी निदान दोन आठवडे लावावी लागते. गुगल प्लेच्या नव्या वैयक्तिक खात्याला २५ डॉलर, शिवाय १२ चाचणीकरूंनी सलग १४ दिवस जोडलेलं राहायला हवं. कॉलेज रोडवर बारा जण सहज मिळतात, ते टिकत मात्र नाहीत; सोळा घ्या.

हक्काचा दावा आला आणि गेम खाली उतरवला गेला तर वही, तारखेसह स्कॅन आणि मृत्यूवर्षांचे पुरावे जोडून उत्तर देता येतं. समोरच्याने न्यायालयात खटला दाखल केला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत गेम परत येतो. पण त्या उत्तरावर सही करताना तुम्ही अमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य करता. सहीआधी वकिलाला दाखवा.

वहीत पुढची पानंही आखून ठेवा. १ जानेवारी २०३४ला सुपरमॅन येईल, १९३८चा. त्याला उडता येत नाही, तो सुमारे दोनशे मीटरची उडी मारतो. त्या उडीचं गणित आतापासून बसवायला घ्या.