अरबी टंकलेखनासाठी संगणक सज्ज करताना या चुका टाळा

अरबी लिहायला बसलेल्या माणसाची पहिली तक्रार सहसा फॉन्टबद्दल असते आणि दोष बहुधा दुसरीकडेच असतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील 'टाइम अँड लँग्वेज' या विभागात जाऊन अरबी भाषा जोडली, की लिहिण्यासाठी लागणारे सारे काही मिळते. भाषा जोडताना ती विंडोजची प्रदर्शन-भाषा करण्याची खूण मात्र काढून टाकावी, नाहीतर मेनूंसकट सगळा पडदा अरबीत होऊन उजवीकडून सुरू होतो आणि परत येण्याची वाटही अरबीतच शोधावी लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उर्दू कीबोर्डने अरबी लिहिणे. आपल्याकडे अनेकांच्या संगणकावर उर्दू आधीपासून असते, लिपी एकच दिसते, त्यामुळे वेगळा कीबोर्ड कशाला, असे वाटते. परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, अरबी काफ (‘क’चे अक्षर) ०६४३ या क्रमांकावर आहे आणि उर्दू काफ ०६ए९ वर. 'ये' या अक्षराचेही असेच दोन क्रमांक आहेत. एका यादीत 'करीम' हे नाव मी उर्दू कीबोर्डने लिहिले होते. या शब्दात काफ सुरुवातीला आणि ये मध्ये येत असल्यामुळे दोन्ही पद्धतींनी लिहिलेले नाव कागदावर हुबेहूब सारखे दिसते, पण अरबी कीबोर्डवरून शोध घेतला तेव्हा ते सापडेना. डोळ्यांना न दिसणारी अशी चूक प्रमाणपत्रात किंवा व्हिसाच्या अर्जात राहिली तर केवढा मनस्ताप होईल! म्हणून 'अरेबिक १०१' हा कीबोर्ड स्वतंत्रपणे जोडावा आणि विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबून भाषा बदलावी.

दुसरी चूक दिशेची. परिच्छेद उजवीकडे सरकवणे आणि त्याची दिशा उजवीकडून डावीकडे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ सरकवले तर वाक्याअखेरचा पूर्णविराम उजव्या टोकाला, म्हणजे वाक्याच्या आरंभी, जाऊन बसतो, आणि मग अनेक जण तो खोडून मुद्दाम वाक्याच्या सुरुवातीला टाइप करतात. तोच मजकूर दुसरीकडे चिकटवला की पुन्हा बिघडतो. उजवीकडची कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट एकत्र दाबल्यास वर्ड व नोटपॅडमध्ये दिशाच बदलते आणि विरामचिन्ह आपोआप जागेवर येते.

अक्षरे सुटी पडून उलट क्रमाने दिसत असतील, तर ती हाताने उलटी लिहू नयेत. देवनागरीची जोडाक्षरे ज्या प्रोग्रॅममध्ये तुटतात तिथेच अरबीही तुटते. फोटोशॉपच्या अनेक आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडल्यावर दोन्ही लिप्या सुधारतात. अक्षराचे आरंभीचे, मधले आणि शेवटचे रूप चिन्हांच्या तक्त्यातून एकेक उचलून बसवणेही टाळावे, कारण ती रूपे संगणक स्वतःच घडवतो.

अंकांबाबत वर्डमधील एक नाव आपल्याला हमखास चकवते. 'ॲडव्हान्स्ड' पर्यायांत 'न्यूमरल' समोर 'हिंदी' निवडल्यास देवनागरी अंक येत नाहीत, अरब देशांत वापरले जाणारे अंक येतात. ते भारतातून आले म्हणून अरबीतही त्यांना हिंदी अंकच म्हणतात. तिथेच 'कॉन्टेक्स्ट' निवडले, तर भोवतालच्या मजकुरानुसार अंक बदलतात.