वितळलेल्या दोन प्लास्टिकमधलं इंटरफेशियल टेन्शन: धागा तुटताना बघा

भोसरीहून ब्लेंड (प्लास्टिकची मिश्रणं) करणारे विचारतात, "मॅडम, पॉलिस्टायरीन-पॉलिथिनचं टेन्शन किती? एक आकडा द्या." टेन्शन म्हणजे न मिसळणाऱ्या दोन वितळांच्या सीमेवरचा ताण. आकडा आहे: 200 अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण 5 मिलिन्यूटन प्रति मीटर. पण तुमच्या ग्रेडचा हवा असेल तर मोजावाच लागतो. लटकत्या थेंबाच्या आकारावरून टेन्शन काढायच्या भानगडीत पडू नका. घट्ट वितळात थेंब स्थिरावायला तासन्‌तास जातात, तोवर माल खराब होतो. पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये मी धागाच वापरते: एका प्लास्टिकचा धागा दुसऱ्याच्या वितळात ठेवायचा आणि त्यावरच्या लाटा किती वेगाने वाढतात त्यावरून टेन्शन काढायचं.

पॉलिस्टायरीनचा दाणा हॉट प्लेटवर मऊ करून चिमट्याने ओढा. 30 ते 60 मायक्रॉनचा, एकसारख्या जाडीचा तुकडा निवडा, 80 अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा. (नायलॉन असेल तर पुण्याच्या जुलैत हे टाळूच नका, नाहीतर बुडबुडेच मोजत बसाल.) मग एलडीपीईच्या (कमी घनतेच्या पॉलिथिनच्या) दोन जाड फिल्ममध्ये धागा ठेवून मायक्रोस्कोपच्या हॉट स्टेजवर 200 अंशांवर न्या. जमलं तर नायट्रोजन सोडा.

गरम झाल्यावर धागा आखडतो, जाड होतो. तो थांबल्यावरचाच व्यास धरा. थंड धाग्याचा व्यास इथे कामाचा नाही. थोड्या वेळाने त्यावर लाटा उठतात आणि शेवटी त्याची मण्यांची माळ होते. दर मिनिटाला फोटो घ्या. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक व्यासातल्या फरकाचा चौथा हिस्सा म्हणजे लाटेची उंची. तिचा नॅचरल लॉग काळासमोर मांडा. सरळ रेषा तुटण्याच्या बऱ्याच आधीच्या भागातच मिळते, तेवढीच घ्या.

रेषेचा चढ गुणिले बाहेरच्या वितळाची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) गुणिले व्यास, भागिले टोमोटिका या जपानी शास्त्रज्ञाचा गुणांक (द्रवातला द्रवाचा धागा कसा तुटतो याचा 1935चा सिद्धांत), झालं टेन्शन. दोन्ही व्हिस्कॉसिटी सारख्या असतील तर गुणांक सुमारे 0.07 आणि लाटेची लांबी व्यासाच्या साडेपाच पटींच्या आसपास. लांबी जुळत नसेल तर तो धागा टाकून द्या. समजा चढ 0.00175 प्रति सेकंद, व्हिस्कॉसिटी 5000 पास्कल-सेकंद, व्यास 40 मायक्रॉन: उत्तर 5 मिलिन्यूटन प्रति मीटर.

व्हिस्कॉसिटी म्हणून एमएफआय (ग्रेडच्या कागदावरचा मेल्ट फ्लो इंडेक्स) घेऊन येऊ नका! धागा अगदी सावकाश हलतो, त्यामुळे ऱ्हिओमीटरवरचा (व्हिस्कॉसिटी मोजायच्या यंत्रावरचा), वितळ अगदी हळू घुसळताना मिळणारा कमी शिअरचा सपाट भागच लागतो. त्याच तापमानाला तासभर टाइम स्वीपही करा, म्हणजे वेळेनुसार व्हिस्कॉसिटी बदलते का ते बघा: व्हिस्कॉसिटी 20 टक्के घसरली, तर टेन्शनचा आकडाही तेवढाच चुकला.