‘द मेझर ऑफ अ मॅन’ कसा पाहावा

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसारित झाला. तो पाहण्याआधी ड्रेड स्कॉट खटल्याची थोडी माहिती अवश्य करून घ्यावी. गुलामीला बंदी असलेल्या प्रदेशात आपण राहिलो, म्हणून आपण स्वतंत्र आहोत, असा दावा करणाऱ्या स्कॉट यांना १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिक मानण्यासच नकार दिला आणि मालकाचा मालमत्तेवरील हक्क उचलून धरला. पटकथालेखिका मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करत असत. या भागाची कल्पना त्यांना याच निकालावरून सुचली.

कथेतला वाद असा आहे: डेटा या मानवाकृती यंत्राला संशोधनासाठी सुटे करायचे आहे आणि तो नकार देतो, मग तो स्टारफ्लीटची, म्हणजे तो ज्या अंतराळ दलात अधिकारी आहे त्या दलाची, मालमत्ता ठरतो की स्वतःविषयी निर्णय घेणारा कोणी? सुरुवातीचा पत्त्यांचा डाव सहज पाहिला तरी चालेल. मात्र मनुष्यबळ नसल्यामुळे डेटाचा मित्र रायकर याच्यावरच विरुद्ध बाजू मांडण्याची वेळ येते, तिथपासून एकही संवाद सोडू नये. त्याने कसूर केली असती तर डेटा ही मालमत्ता आहे, हा आधीचा निकाल कायम राहिला असता, हे ध्यानात ठेवले, म्हणजे भर न्यायालयात डेटाला बंद करताना रायकरवर काय गुदरते ते कळते.

जहाजावरचे मद्यगृह चालवणारी गायनन आणि डेटाची बाजू मांडणारे कप्तान पिकार्ड यांच्या संभाषणापाशी पाहणे थोडे थांबवावे. यंत्रांविषयी चाललेले बोलणे गुलामीपर्यंत येऊन पोहोचते ते इथेच, आणि माझ्या मते संपूर्ण भागाचा प्राण या प्रसंगात आहे. पुढे पिकार्ड बुद्धी, आत्मभान आणि जाणीव या तीन कसोट्यांवर युक्तिवाद करतात. न्यायाधीश निकाल देतात तेव्हा त्यांचे शब्द नेमके ऐकावेत: डेटाला आत्मा आहे, असे त्या म्हणत नाहीत, तो मालमत्ता नाही आणि त्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे, एवढेच त्या ठरवतात.

हा भाग शक्यतो मूळ इंग्रजीतच ऐकावा. डेटाला सुटे करू पाहणारा शास्त्रज्ञ मॅडॉक्स त्याला सतत निर्जीव वस्तूचे सर्वनाम लावतो, आपण ‘ते यंत्र’ म्हणावे तसे. खटला संपल्यावर मात्र त्याच्या तोंडून प्रथमच ‘तो’ निघते.